सवाईला पहिल्यांदाच चाललोय – बैठक की खुर्ची? सल्ला हवाय

कराडची_मंजू
नमस्कार. आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी यंदा पुण्याला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जायचं म्हणतोय. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. इतकी वर्षं आकाशवाणीवर ऐकलं, आता मांडवात बसून ऐकायचंय. शनिवार किंवा रविवार, एकच दिवस जमेल. बजेट माणशी दोन हजार, त्यात प्रवास, तिकीट, खाणं सगळं आलं. एकीचा उजवा गुडघा दुखतो. भारतीय बैठक घ्यावी की खुर्ची? मुक्काम करावा का? सोबत काय न्यावं?

रमणबागेचा_श्रोता
ताई, अवश्य या. पण खरा सवाई रमणबागेतला. रात्रभर चालायचा. पहाटेचा गारठा, खांद्यावर शाल आणि समोर ललत किंवा तोडी चाललेला! सकाळचे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळायचे. २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर असतो. जागा प्रशस्त आहे, मान्य. पण पहाट गेली ती गेलीच.

घडीची_खुर्ची
खुर्चीचं तिकीट काढूच नका. मी पाठ टेकायची, जमिनीवर ठेवायची घडीची बैठक घेतली, ३८०० ला. पाच दिवस बसलो, कंबर एकदाही धरली नाही. चौघींनी एकेक घेऊन टाका, आयुष्यभर पुरेल.

सातारकर७२
@घडीची_खुर्ची, त्यांचं अख्खं बजेट दोन हजार आहे. आणि मीही तसलीच घेतली होती, दुसऱ्याच दिवशी बिजागरी निसटली. उरलेला कार्यक्रम मागच्या खांबाला टेकून ऐकला.

घडीची_खुर्ची
स्वस्तातली घेतली असणार. माझी अजून ठणठणीत आहे.

मीना_फिजिओ
दुखऱ्या गुडघ्यावर मांडी घालून सलग तीन तास बसवू नका. खुर्चीच घ्या. दर तासाभराने उठून दोन मिनिटं चाला, दोन कलाकारांच्या मध्ये मंच लावायला वेळ जातोच. बैठकीतच बसायचं असेल तर पाय लांब करून बसायचं आणि गुडघ्याखाली लोड किंवा गुंडाळलेली चादर. पाय पसरायला जागा लागते, म्हणून कडेची जागा धरा.

नादखुळा_कोल्हापूर
शनिवारच धरा! मी गेलो तेव्हा शनिवारी बारापर्यंत होतं, बाकीचे दिवस दहाला आटपतं. रात्री साडेदहानंतर मालकंस किंवा दरबारी ऐकलात की पैसे वसूल. मुक्कामाला चांगलं हॉटेल घ्या, आम्ही चार हजारांची खोली घेतो. त्याच्या खाली जाऊ नका. एकदा स्वस्त लॉजवर उतरलो तर रात्री एकला गेटला कुलूप, पाऊण तास बाहेर कुडकुडत उभे.

रमणबागेचा_श्रोता
बारा म्हणजे काय ती रात्र! तेव्हा बारा वाजता मैफल रंगायला लागायची.

कायदा_आणि_कानडा
नियमच तसा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. हॉस्पिटलशेजारी राहणाऱ्याला विचारा, त्याला नियम पटतो.

रमणबागेचा_श्रोता
गणपतीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती आणि तानपुरा एका मापाने मोजायचे का? १९५३ साली भीमसेनजींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ हे सुरू केलं. त्यात गोंगाट कसला?

कायदा_आणि_कानडा
मीही सवाईचाच श्रोता आहे हो, पंचवीस वर्षं. पण माप एकच असलं पाहिजे.

तीनची_वेळ
धाग्यावर या मंडळी. मंजूताई, सगळे मोठ्या नावांसाठी सातनंतर येतात, तुम्ही पहिल्या कलाकाराला हजर राहा. एक म्हणजे पुढची जागा मिळते. दुसरं, दुपारचे राग फार कमी ऐकायला मिळतात. एरवी सगळ्या मैफली संध्याकाळच्या, म्हणून यमन, पूरिया खूप होतात. भीमपलासी, मुलतानी उन्हाच्या वेळेला ऐकून बघा. रविवार बहुतेक दुपारीच सुरू होतो, तेव्हा सारंगही मिळू शकतो. आधी वेळापत्रक नीट बघा. ध्वनिक्षेपकाच्या भिंतीसमोर बसू नका, मध्यभागी थोडं मागे बसलं की तंबोरा स्वच्छ ऐकू येतो.

शाल_घ्या
शाल घ्या. कानटोपी घ्या. सहानंतर मांडवात कडेने गार वारं शिरतं आणि जमिनीतून थंडी वर येते. नुसती सतरंजी पुरत नाही, गोधडी चौपदरी घालून बसा. चपला पिशवीत घालून जवळ ठेवा, नाहीतर निघताना हजार जोड्यांत शोधत बसाल. ओडोमॉस विसरू नका.

नादखुळा_कोल्हापूर
शाल घ्याच. आणि शनिवारच.

स्वारगेटजवळचा
गाडी आणू नका, पार्किंगसाठी एक कलाकार हुकतो. कराडहून एसटीने स्वारगेटला उतरा, तिथून मुकुंदनगर रिक्षाने दहा मिनिटं. परतीला कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्या स्वारगेटहूनच, रात्री उशिराही मिळतात. आरक्षण करून ठेवा.

मीना_फिजिओ
पुन्हा सांगते, खुर्ची.

कराडची_मंजू
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा चौघींनी मिळून वाचला. ठरलं ते असं: रविवार, आणि भारतीय बैठक.

शनिवारचा मोह फार झाला, पण बारानंतर मुक्काम आलाच, आणि तो दोन हजारांत बसत नाही. रविवारी सकाळच्या एसटीने निघू, पहिल्या कलाकारापासून बसू आणि रात्रीच्या गाडीने घरी. शेवटी सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लावतात, ती ऐकल्याशिवाय उठायचं नाही. रेडिओवर ती लागायची तेव्हा माझे वडील उभे राहून ऐकायचे.

मीनाताई, खुर्चीसाठी मी गुडघा दुखणाऱ्या मैत्रिणीशी भांडले. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, "समेवर कुणाच्या मांडीवर थाप मारू? खुर्चीच्या दांड्यावर?" पुढे मला बोलताच येईना. कडेची जागा धरतोय, तिच्यासाठी घरचा लोड आणि आईची गोधडी घेतलीय. तासातासाला मी तिला उठवून चालवणार, हे तिने कबूल केलंय.

तीनची_वेळ, मुलतानी लागला तर कळवते.