हाडाला कुठे थांबायचं ते कळतं कसं?

वेंगुर्ल्याची_आई

नमस्कार मंडळी. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. गेल्या मे महिन्यात आजोळी आंब्यावरून पडला आणि उजव्या हाताचं हाड मनगटाच्या थोडं वर मोडलं. एक्स-रेमध्ये मोडलेली जागा दिसत होतीच, पण तिच्या पुढे, पंजाच्या बाजूला, हाडाच्या टोकापाशी आणखी एक आडवी काळी रेघ होती. मला वाटलं दोन ठिकाणी मोडलंय, मी तिथेच रडायला लागले. डॉक्टर म्हणाले, "ती रेघ सगळ्या मुलांना असते, ती वाढीची जागा आहे." हाड जरा वाकडं बसलंय, पण ऑपरेशन नको, वाढता वाढता सरळ होईल, असंही म्हणाले. पाच आठवड्यांनी प्लास्टर निघालं. परवा पुन्हा एक्स-रे काढला, तर वाकडेपणा जवळजवळ गेलाय.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या होत्या, त्यांचंही मनगटच मोडलं होतं. हाड जुळलं, पण बाक तसाच राहिला. भाकरी थापताना त्यांना अजून त्रास होतो.

'पेशीविभाजनामुळे शरीराची वाढ होते व झीज भरून निघते' हे वाक्य मी शाळेत पाठ केलं होतं. मुलगा विचारतो, "आई, हाडाला कुठे भरायचं आणि कुठे थांबायचं हे कोणी सांगितलं?" त्याला ते वाक्य सांगून भागत नाही. कोणी नीट सांगेल का?

निवृत्त_विज्ञानबाई

ताई, एकतीस वर्षं मी मुलांना हे शिकवलं, आणि तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न मला वर्गात दोनदाच ऐकायला मिळाला. त्याला शाबासकी द्या.

आधी ती काळी रेघ. तिथे फट नसते, कूर्चा असते. कानाच्या पाळीवरच्या भागात हाताला लागते ना लवचिक, तशी. एक्स-रेत हाड पांढरं उमटतं, कूर्चा उमटत नाही, म्हणून मोकळी जागा वाटते. त्या पट्टीत पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. चळतीच्या एका टोकाच्या पेशी विभागत राहतात. प्रत्येक पेशी आधी आपल्या 46 गुणसूत्रांची प्रत काढते, मग दोन्ही नव्या पेशींना एकेक पूर्ण संच देते. दुसऱ्या टोकाच्या जुन्या पेशी फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी हाड बनतं. हाड असं टोकांपाशी लांबतं, मधून ताणलं जात नाही. तुमच्या मुलाचं जे हाड मोडलं, त्याची बहुतेक वाढ मनगटाकडच्याच पट्टीतून होते. मोडलेली जागा त्या पट्टीच्या जवळ होती, हे त्याचं नशीब.

मोडल्यावर पहिले काही आठवडे नातू आणि आजी दोघांच्या हाडात एकच काम चाललं. रक्त साकळलं. त्यातून निघालेल्या रासायनिक खुणांनी हाडावरच्या पातळ आवरणातल्या आणि आतल्या मज्जेतल्या पेशी जाग्या झाल्या, विभागू लागल्या. त्यांनी आधी मऊ कूर्चेचा सांधा घातला, मग त्याचं हाड केलं. मुलाच्या हाताला तिथे गाठ लागली असेल बघा, ती हीच.

फरक पुढे पडला. मुलाची वाढपट्टी चालू आहे, ती नवं हाड सरळ रेषेत घालत जाते. शिवाय ज्या बाजूवर भार पडतो तिथे हाड चढतं आणि बाहेर आलेला भाग हाड विरघळवणाऱ्या पेशी खाऊन टाकतात. म्हणजे नुसतं विभाजन नाही, गवंड्याबरोबर तासणाराही लागतो. आजींची वाढपट्टी ऐन तारुण्यातच हाड होऊन मिटली. त्यांच्याकडे जुळवणारे आहेत, पण सरळ करणारी पट्टी नाही, आणि उतारवयात तासण्या-चढवण्याचं कामही मंदावतं.

आता थांबायचं कसं कळतं. नकाशा घेऊन कोणी बसलेलं नसतं. जखम भरत आली की विभागायला सांगणाऱ्या खुणा कमी होतात. कातडीसारख्या ठिकाणी शेजारच्या पेशीला पेशी भिडली की तीही थांबते. शिवाय प्रत्येक पेशीच्या आत तपासणी नाके असतात: प्रत नीट निघाली का, गुणसूत्रं दोन्हीकडे ओढायला धागे लागले का. तपासणी झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे नाके आणि पेशीला पुढे ढकलणारी प्रथिनं शोधल्याबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स या शास्त्रज्ञांना 2001 साली नोबेल मिळालं. थांबणं बिघडलं की कर्करोग. तुमच्या दारात सदाफुली असेल, तिच्यापासून काढलेलं व्हिन्क्रिस्टिन हे औषध गुणसूत्रं ओढणारे धागेच बनू देत नाही, म्हणून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते देतात. केसांच्या मुळाशीही पेशी भराभर विभागतात, म्हणून अशा उपचारात केस जातात. माझ्या एका विद्यार्थिनीचे गेले होते. वर्षभरात दाट आले.

मुलाला दाखवायचं असेल तर दोन कांदे दोन पेल्यांवर ठेवा, बुडखा पाण्याला टेकेल असे. तीन दिवसांनी मुळांची लांबी मोजा. चौथ्या दिवशी एका कांद्याच्या मुळांची टोकं एक सेंटिमीटर कापा, दुसऱ्याची राहू द्या. मग रोज मोजायला सांगा.

धाकटा_भाऊ_सातारा

बाईंनी हाडाचं सांगितलं, मी यकृताचं सांगतो. 2019 साली मोठ्या भावाला माझ्या यकृताचा उजवा भाग दिला. अर्ध्याहून जास्त. पित्ताशयही त्यासोबत काढावं लागलं. मला वाटायचं, पालीच्या शेपटीसारखा कापलेला तुकडा परत फुटेल. तसं होत नाही. उजवा भाग पुन्हा आला नाही, उरलेला डावाच मोठा झाला. एरवी निवांत असलेल्या यकृताच्या पेशी ऑपरेशननंतर विभागू लागतात आणि शरीराला पुरेल एवढं झालं की थांबतात. तीन महिन्यांनी सीटी स्कॅन झाला तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. भावाकडे गेलेला तुकडाही तिकडे वाढला.

आमच्या वडिलांना मात्र हृदयविकाराचा झटका आला होता. मेलेल्या स्नायूच्या जागी नुसता व्रण राहिला. हृदयाच्या स्नायूपेशी मोठेपणी जवळजवळ विभागतच नाहीत. एकाच घरात दोन्ही बघितलं, म्हणून लिहिलं.

वेंगुर्ल्याची_आई

बाई, दादा, मनापासून आभार. बाईंचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझं हाड हट्टी नाही तर, पट्टीच मिटलीय." त्यांना बरं वाटलं असावं.

कांदे लावून आज नववा दिवस. न कापलेल्या कांद्याची मुळं पेल्याच्या तळाला टेकलीत. कापलेली मुळं कापली त्या दिवशी होती तेवढीच आहेत, मुलाने वहीत तारखा घालून आकडे लिहिलेत. पण त्याच कांद्याच्या बुडख्याला शेजारून दोन नवी मुळं फुटलीत. ती मोजण्यात धरायची की नाही, एवढं बाई सांगतील का? तो पट्टी घेऊन बसलाय.