अनुभव धागा: तुमच्या घरात बुद्धिबळाचे कुठले नियम होते?

पेठेतली_लेक
आमचा वाडा रिडेव्हलपमेंटला चाललाय म्हणून माळा उपसणं सुरू आहे. काल एका ट्रंकेत नानांचा, म्हणजे आजोबांचा, बुद्धिबळाचा पट सापडला. कापडी, लाल, पिवळ्या दोऱ्याने घरं शिवलेली आणि सगळी घरं एकाच रंगाची. मुलगा म्हणे आई यात काळी पांढरी घरंच नाहीयेत, उंट कुठल्या रंगाचा ते कसं कळणार. आणि मला सगळं धडाधडा आठवायला लागलं.

नानांनी शिकवलेलं ते देशी बुद्धिबळ. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं, नाही, त्याऐवजी राजाला शह बसायच्या आत एकदाच घोड्यासारखं अडीच घर उडता यायचं. राजे समोरासमोर नसायचे, माझ्या राजासमोर नानांचा वजीर. आणि प्यादं पार पोचलं की सरसकट वजीर नाही, ज्याच्या घरात पोचलं तो मोहरा. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. म्हणून कुठलं प्यादं राखायचं हे नाना अगदी सुरुवातीपासून मनात धरून खेळायचे. शाळेच्या स्पर्धेला ते बघायला आले होते, समोरच्या मुलीने पहिल्याच खेळीला प्यादं दोन घरं सरकवलं आणि नाना मागून केवढ्यांदा म्हणाले, "अहो मास्तर, हे काय चाललंय!" सगळा हॉल वळून बघायला लागला.

तुम्हाला कोणी शिकवलं, कुठले नियम होते, लिहा ना. घरगुती, होस्टेलचे, परदेशातले, सगळे चालतील.

उंट_तिरका
सेम टू सेम! आमचे आजोबा सांगलीचे. प्यादं घोड्याच्या घरात पोचलं की घोडा होऊन त्याच दमात लगेच अडीच घर उडायचं, त्यामुळे तिकडचं प्यादं निसटलं की समोरच्याला घाम. आणि नुसती मात केली तर आजोबा "बरं" म्हणायचे, प्याद्याने मात केली तरच पाठ थोपटायचे. समोरच्याचा राजा एकटा उरला तर बुर्जी, तो अर्धा विजय. पुढे मी सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळात जायला लागलो तिथे अर्थात आंतरराष्ट्रीय नियम, घरी आलो की परत आजोबांचे. दोन्ही डोक्यात नीट वेगळे राहायचे, लहान मुलांना त्याचं काही वाटत नाही.

सोनचाफा
पट टाकू नकोस गं!! आणि मशीनला तर अजिबात नको, रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने, आधी कोपऱ्यावर रंग जातो का बघ. बाकी बुद्धिबळ मला येत नाही. आमच्याकडे एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी कायम सुपारी. बाबा आणि काका सुपारीलाच "हत्ती" म्हणायचे आणि एकदा आजीने ती कातरून खाल्ली 😄

पेठेतली_लेक
@सोनचाफा हत्ती खाल्ला 😂😂 रिठ्याचं करून बघते. टाकणार नाहीये, फ्रेम करायचा विचार आहे.

कर्वेनगरचा_काका
देशी नियमांवरून मीर सुलतान खान आठवले. पंजाबातले, लहानपणापासून देशी पद्धतीनेच खेळलेले, आंतरराष्ट्रीय नियम मोठेपणी शिकले आणि विलायतेत जाऊन ब्रिटिश अजिंक्यपद तीनदा जिंकले, १९२९, १९३२, १९३३. माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवलं होतं. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, मानद ग्रँडमास्टर केलं ते थेट २०२४ ला, माणूस जाऊन किती वर्षं झाली. मला याचं फार वाईट वाटतं. आपल्याकडच्या पोरांना नाव तरी माहीत असायला हवं.

हिंजवडी_रिटर्न
मी कामानिमित्त शेनझेनला होतो तिथे संध्याकाळी बागेत म्हातारे लोक शियांगची खेळतात, चिनी बुद्धिबळ, भोवती ही गर्दी आणि प्रत्येकजण सल्ले देणार, अगदी आपल्या पारावरच्यासारखं. भाषा येत नव्हती पण रोज उभा राहायचो म्हणून एका आजोबांनी बसवून घेतलं आणि हाताने दाखवून शिकवलं. मोहरे घरात नाही, रेघा जिथे छेदतात तिथे ठेवायचे. मध्ये नदी. हत्ती नदी ओलांडत नाही, तो आपल्याच मुलखात राखण करतो. प्यादं नदीपलीकडे गेलं की आडवंही चालायला लागतं. घोड्याची चाल बरीचशी आपलीच पण त्याच्या लगत कोणी उभं असलं तर त्या बाजूला जाता येत नाही, पाय अडतो त्याचा! हे मला इतकं आवडलं की काय सांगू. आणि तोफ. तोफ चालते आपल्या बुद्धिबळातल्या हत्तीसारखी सरळ पण मारताना मध्ये बरोब्बर एक मोहरा लागतो, आपला किंवा त्याचा, त्याच्यावरून उडी मारून पलीकडचा मारायचा. म्हणजे स्वतःचं प्यादं पुढे आणलं तरी तोफेला नेम मिळतो. दोन्ही राजे मध्ये काही नसताना समोरासमोर येऊच शकत नाहीत. @पेठेतली_लेक तुझ्या नानांनाही राजे समोरासमोर नको होते, वाचून मजा वाटली.

चिऊची_आई
आमची चिऊ कालच रडत आली क्लासवरून. एका मुलाने तिचं प्यादं "शेजारून" मारलं, तिला वाटलं चीटिंग. ते आं पासां. कुकर लावलाय, नंतर लिहिते

उंट_तिरका
@चिऊची_आई तिला सांगा प्यादं पूर्वी एकच घर चालायचं, दोन घरांची सवलत नंतर आली. मग त्या सवलतीचा फायदा घेऊन कोणी शेजारून गुपचूप निसटू नये म्हणून हा नियम, आणि तोही फक्त लगेचच्या खेळीत. असं सांगितलं की मुलांना पटतं.

चिऊची_आई
पटलं!! आता म्हणते मी पण उद्या त्याला तसंच मारणार. थँक्यू दादा 🙏

ज्योत
मी दर शनिवारी अंध मुलांच्या शाळेत जाते, तिथे एका सातवीतल्या मुलाने मला बुद्धिबळ शिकवलं. म्हणजे येत होतं थोडं, पण त्याच्या पद्धतीने शिकवलं. त्यांच्या पटाला प्रत्येक घरात भोक असतं, मोहऱ्याला खाली खिळी, म्हणजे चाचपताना काही हलत नाही. काळी घरं किंचित उंच. काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीक टोक. खेळी मोठ्याने बोलायची, समोरच्याने ती परत म्हणायची आणि आपल्या पटावर करायची. पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच अक्षरं असतात, पण बी, डी, ई ऐकायला सारखंच वाटतं म्हणून त्यांना नावं: ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. "एव्हा चार" म्हणाला की राजाचं प्यादं दोन घरं. आणि हात लावला तर खेळावंच लागतं हा नियम त्यांना आहे तसा कसा चालेल, ते तर हात लावूनच बघणार, म्हणून मोहरा भोकातून उचलला तरच "हात लावला" धरतात. हा नियम ज्यांनी कोणी केला त्यांना माझा नमस्कार. आता मी घरी डोळे मिटून डाव मनात धरायचा सराव करते, दहाव्या खेळीच्या आत सगळं सांडतं. तो पोरगा एकावेळी दोघांशी खेळतो.

कर्वेनगरचा_काका
@ज्योत उद्याच तुमच्याबरोबर यायला आवडेल. जुने पट लागतात का त्यांना?

ज्योत
साधे पट आहेत काका, खिळीवाले कमी पडतात. मेसेज करते.

मेसचा_मेंबर
होस्टेलला बगहाऊस!!! चार जण दोन पट, मी पांढरा तर माझा पार्टनर काळा, मी मारलेला मोहरा त्याच्या हातात आणि खेळीऐवजी तो रिकाम्या घरात ठेवू शकतो. रात्रभर नुसतं "घोडा दे घोडा दे", वॉर्डन दोनदा वर आले. परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा. सगळ्यात जवळचे मित्र तिथेच मिळाले मला, एक आता कॅनडात आहे पण दिवाळीला आला की पट बाहेर.

मोहोळ
आम्ही भावंडं उलटं बुद्धिबळ खेळायचो, खा-खा म्हणायचो त्याला. मारता येत असेल तर मारावंच लागतं, ज्याचे सगळे मोहरे आधी संपले तो जिंकला, राजाही खाऊ द्यायचा. धाकट्या बहिणीला खरं बुद्धिबळ आवडायचं नाही पण यात ती सगळ्यांना लोळवायची. मुलांना मोहऱ्यांच्या चाली शिकवायला याच्यापेक्षा चांगलं काही नाही असं माझं ठाम मत आहे, शह-मात नंतर शिकवा.

हिंजवडी_रिटर्न
+१. आणि जरा मोठ्या पोरांना माजी जगज्जेत्या बॉबी फिशरचं ९६०. मागची रांग चिठ्ठ्या काढून लावायची, फक्त उंट वेगवेगळ्या रंगांवर आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये. पाठ केलेलं काही कामाला येत नाही, पहिल्या खेळीपासून विचार करावा लागतो. पुतण्या क्लासच्या ओपनिंगला, म्हणजे सुरुवातीच्या पाठ केलेल्या खेळ्यांना, कंटाळून खेळ सोडायच्या बेतात होता, यामुळे परत बसला.

मेसचा_मेंबर
रविवारी सकाळी सारसबागेत बगहाऊस कोण येतंय? दोन पट माझ्याकडे आहेत, दोघं पक्के, दोन गडी हवेत.

मोहोळ
मी आणि बहीण. ती आता पिंपरीला असते पण येईल, खा-खाचा एक डाव ठेवणार असाल तर नक्कीच.

सोनचाफा
मी बघायला येते, पोहे आणते. सुपारी पण 😄