२०१७ चा धडधाकट लॅपटॉप भंगारात काढायचा का?

शेवंती:
नमस्कार मंडळी. लॅपटॉप २०१७ साली घेतलेला. पडदा छान, बटणं छान, फक्त टचपॅड अलीकडे कडक झालाय, क्लिक करायला जोर लागतो. अडचण अशी की विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि ११ टाकायला गेले तर 'तुमचा प्रोसेसर चालणार नाही' असा निरोप येतो. माझं काम म्हणजे भाषांतरं, थोडे हिशेब, व्हिडिओ कॉल आणि बँक. घरचे म्हणतात नवा घे. चालती वस्तू टाकायला मन धजत नाही. तारकाका इथे असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

झटपट:
ताई, नवाच घ्या. इतकी वर्षं वापरलात, वसूल झाला. जुन्याला ठिगळं लावण्यात जो वेळ जाईल त्यात चार भाषांतरं उरकतील.

जुनी तार:
शेवंतीताई, झटपटचं ऐकू नका, निदान आजच नको.

तुमच्यात बहुधा इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर असणार. विंडोज ११ ची यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे यंत्र म्हातारं झालेलं नाही, यादीत नाव नाही इतकंच. आडवाटेनं ११ बसवता येतं, मी एका जुन्या डबड्यावर बसवलंही आहे. पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, तेव्हा ज्यावर बँक उघडायची त्यावर हा उद्योग नको. १० साठी घरगुती वापराला जादा सुरक्षा अपडेटची सोय आहे, तिची जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६. तेवढी उसंत घ्या.

कशालाही हात लावण्याआधी फाइलींची प्रत काढा आणि त्या प्रतीतली एखादी फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. ही दुसरी गोष्ट कुणी करत नाही. नोकरीच्या सुरुवातीला आमच्याकडे प्रत काढायला रोज रात्री टेप फिरायची, सकाळी हिरवा दिवा बघून मी वहीत सही करायचो. एक दिवस डिस्क बसली. टेप लावली, तर टेपवर लिहिणारं-वाचणारं हेड घाणीनं माखलेलं होतं आणि अकरा आठवडे टेपवर वाचता येईल असं काहीच उतरलेलं नव्हतं. सह्या मात्र सगळ्या माझ्या. तेव्हापासून माझा दिव्यावर विश्वास नाही.

मग एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, घ्या आणि त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा. काही बसवावं लागत नाही, आतल्या फाइलींना धक्का लागत नाही. दोन दिवस वापरून वायफाय, कॅमेरा, आवाज, प्रिंटर तपासा. झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का तेही बघा, घोडं बहुतेक तिथेच पेंड खातं. ब्राउझरमधून बँक आणि कॉल चालतील. लिबरऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तुमचं काम होईल, पण गिऱ्हाईक वर्डमध्ये दुरुस्त्या दाखवून फाइल परत मागत असेल तर एक खरी फाइल पाठवून परत मागवून बघा. कधी मांडणी हलते. आत फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला, नव्या यंत्राचा निम्मा आनंद तिथेच मिळतो.

आता माझं जुनंच रडगाणं. वस्तू झिजून मरत नाही, अपडेट थांबतात त्या दिवशी मरते. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, फोनच्या खोक्यावर का नको? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, इंटरनेटला जोडता येणारी वस्तू बनवणाऱ्याला सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते जाहीर करावं लागतं. शिवाय सगळ्या खोक्यांना एकच ठरलेला पासवर्ड घालून विकायला बंदी. युरोपीय संघानं २० जून २०२५ पासून आणखी पुढची पायरी गाठली: फोनचं मॉडेल विकणं थांबवल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजण्याआधी मी ही एक तारीख शोधतो. सापडली नाही तर वस्तू परत फळीवर.

शंकेखोर:
काका, अपडेटचं एवढं कौतुक करता, पण १९ जुलै २०२४ आठवतोय ना? एका सकाळी सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली, विमानं जमिनीवर. तेही अपडेटच होतं की. आणि युरोपासारखं सरकार चार्जरच्या खाचांचे आकार ठरवायला लागलं तर नवीन काही निघेल कसं?

जुनी तार:
अरे शंकेखोरा, ते विंडोजचं अपडेट नव्हतं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल थेट कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, पंगतीत जाऊन बसली, आणि ती आधी शंभर यंत्रांवर चाखून न बघता सगळ्यांना एकदम वाढली. गुन्हा वाढण्याच्या पद्धतीचा. उलट बाजू बघ: मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभर यंत्रांना कुलपं घातली, त्या भोकाचं ठिगळ मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी दोन महिने टाळाटाळ केली त्यांची वरात निघाली. माझा नियम सोपा आहे. सुरक्षेचं अपडेट दोन-तीन दिवसांत, नवी नक्षी आणणारं महिन्याभरानं.

चार्जरबाबत आधी मीही तुझ्याच बाजूनं भांडायचो. २००९ मध्ये फोन कंपन्यांनी युरोपात एकसारख्या चार्जरचा आपखुशीनं करार केला होता, अॅपलनं अडॅप्टर पुढे करून वेळ मारून नेली. २०२२ मध्ये तिथे एकाच आकाराच्या खाचेचा कायदा झाला आणि २०२३ च्या आयफोन १५ ला यूएसबी-सी आलं. माझा अंदाज चुकला. घरातला वायरींचा गुंता खरोखर कमी झाला.

पण नुसता आकार सारखा झाला म्हणजे झालं असं नाही. दोन यूएसबी-सी वायरी जुळ्या बहिणी दिसतात. एक सेकंदाला ४८० मेगाबिटवर रखडते, दुसरी ४० गिगाबिट नेते. ६० वॅटच्या वर वीज न्यायची तर वायरीत ओळख सांगणारी चिप लागते, आणि ती आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. मी प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून तिची जात लिहून ठेवतो. बायको हसते, पण तिला हवी तेव्हा माझ्याच डब्यातून नेते.

शेवंती:
काका, पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं. वायफाय, कॅमेरा, आवाज सगळं लागलं. बँकही उघडली. झाकण मिटून उघडलं की मात्र पडदा काळाच राहतो. आणि हो, टचपॅड तिथेही तसाच कडक. म्हणजे विंडोजचा दोष नाही ना?

जुनी तार:
ताई, झाकणाचं नंतर बघू. टचपॅडचं तुम्ही पहिल्याच निरोपात लिहिलं होतंत आणि मी लिनक्सच्या नादात ते वाचून सोडून दिलं. चूक माझी. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बाजूनं बघा. तळ मधोमध डुगडुगतो का? टचपॅड आजूबाजूपेक्षा वर आलाय का?

शेवंती:
डुगडुगतो! आणि टचपॅडच्या एका कडेला नख जाईल एवढी फट आहे. मला वाटलं धूळ अडकली.

जुनी तार:
बॅटरी फुगलीय. आत्ता चार्जर काढा, यंत्र पूर्ण बंद करा, टचपॅड दाबू नका, झाकण जोर लावून मिटू नका. गादीवर, कागदांजवळ ठेवू नका. स्वतः उघडायला जाऊ नका. फुगलेल्या बॅटरीला टोक लागलं तर ती पेट घेऊ शकते. दुरुस्ती करणाऱ्याला फोन करून 'बॅटरी फुगलीय' असं आधीच सांगा आणि काढलेली बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यायला सांगा. बरेच लॅपटॉप बॅटरी काढल्यावर नुसत्या चार्जरवर चालतात, तुमचा चालला तर नवी बॅटरी येईपर्यंत काम अडणार नाही.

फाइलींची प्रत काढून झालीय ना?

शेवंती:
परवाच काढली. आणि उघडूनही पाहिली.