जीटीए ६: आगाऊ पैसे भरावेत का?

गोदाकाठ: नाशिककर मंडळी जीटीए ६ या येऊ घातलेल्या व्हिडिओ गेमचं बुकिंग कुठे करायचं हे आत्तापासून विचारतायत. गेम येण्याची तारीख २०२५ वरून २६ मे २०२६ आणि तिथून १९ नोव्हेंबर २०२६ वर गेली. परीक्षणं येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. ट्रेलरमध्ये निवडून घेतलेली दृश्यंच असतात. सायबरपंक २०७७ हा गेम आठवा. २०१८ मध्ये ४८ मिनिटांचा खेळ दाखवला, २०१९ मध्ये हॉलिवूड नट किआनू रीव्ह्जला मंचावर आणलं. १० डिसेंबर २०२० ला गेम येण्याआधीच ८० लाख प्रती बुक झाल्या. समीक्षकांना दिली फक्त पीसीची प्रत, तीही स्वतःचं फुटेज दाखवायचं नाही या अटीवर. सोनीच्या पीएस४ कन्सोलवर गेम अडखळतो, मधेच बंद पडतो हे पैसे गेल्यावर कळलं. आठच दिवसांत सोनीने तो आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला.

सातपूरकर: एका कंपनीने माती खाल्ली म्हणून उत्सुकताच वाईट? छोट्या स्टुडिओकडे जाहिरातीला पैसे नसतात, लोकांचं कुतूहल हेच त्यांचं भांडवल. पुण्यात बनलेल्या ‘राजी’ या गेमला किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पुरेसे पैसे मिळाले नाहीत, कारण तेव्हा तो कुणाला माहीतच नव्हता. विशलिस्टमध्ये, म्हणजे आवडलेल्या गेमच्या यादीत टाकलेला गेम आला की स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान आपणहून मेल पाठवतं. ‘सिल्कसाँग’ हा छोट्या स्टुडिओचा गेम बघा: घोषणा २०१९ ची, मग वर्षानुवर्षं जवळपास शांतता, तारीख सांगितली जेमतेम दोन आठवडे आधी. ४ सप्टेंबर २०२५ ला एवढी झुंबड उडाली की ऑनलाइन स्टोअर कोलमडली.

गोदाकाठ: विशलिस्टला पैसे पडत नाहीत, ती खुशाल भरा. माझा आक्षेप बुकिंगला आहे. डिजिटल प्रत काही संपत नाही, मग घाई कशाची?

सातपूरकर: नाही आवडला तर परत करायचा. स्टीमवर सोय आहे की.

गंगापूर रोड: सोय आहे, पण अटी नीट वाचा. रिलीजच्या आधी केव्हाही रद्द करता येतं. नंतर १४ दिवसांच्या आत, तेही दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तरच. महागडी आवृत्ती घेऊन काही दिवस आधी खेळायला मिळालं, तर ते तासही त्यातच धरतात. प्लेस्टेशन स्टोअरवर नियम आणखी कडक: डाउनलोड सुरू झालं की गेममध्ये बिघाड असल्याशिवाय परतावा नाही. बुक केलेला गेम आपोआप उतरतो, म्हणून ते सेटिंग आधी बंद करा. आणि जीटीए ६ फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सीरिज या कन्सोलसाठी जाहीर झालाय, पीसीसाठी नाही. त्याच्यासाठी आत्ता ग्राफिक्स कार्ड घेऊ नका.

गोदाकाठ: दोन तासांत कळतं तरी काय? ‘नो मॅन्स स्काय’ हा गेम ऑगस्ट २०१६ मध्ये आला. दोन खेळाडू ठरवून एकाच जागी पोचले, तरी एकमेकांना दिसले नाहीत. खरं मल्टिप्लेअर, म्हणजे एकत्र खेळायची सोय, आलं जुलै २०१८ मध्ये.

सातपूरकर: आलं ना? पहिल्या दिवसांत एवढी विक्री झाली नसती, तर ती चिमुकली टीम दोन वर्षं कशाच्या जोरावर राबली असती?