पडद्यावरचा फादर, आपला फादर: अनुभव लिहा

धागाकर्ता, जळगाव
खानदेशात आपण कॅथलिक मोजकेच. नाशिक धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा चर्चचा विभाग) १९८७ साली झाला, त्यातच आपले जिल्हे येतात. शेजाऱ्यांना आपली ओळख होते ती बहुतेक सिनेमातून. परवा गल्लीतल्या काकूंनी विचारलं, "तुमच्यात बायका फ्रॉकच घालतात ना?" मी नऊवारीतल्या आजीचा फोटो दाखवला. तर सिनेमा-मालिका श्रद्धेच्या नजरेनं पाहताना काय खटकलं, काय पटलं, ते लिहा. परीक्षण नको, स्वतःचं सांगा.

भुसावळ
आमच्या घरात दोन पिढ्या रेल्वेत. 'ज्युली'तला (१९७५) बाप इंजिन ड्रायव्हर, ख्रिस्ती, हातात बाटली. रेल्वे कॉलनीत तशी घरं होती, नाही कशाला म्हणू? पण इंजिनावर चढण्याआधी क्रूसाची खूण करणारा माणूसही त्याच कॉलनीत होता, तो काही पडद्यावर येत नाही. वडील चिडून म्हणायचे, "रोज पिऊन चढलो असतो तर गाडी खंडव्याला पोचली असती का?"

आईनं तो सिनेमा पाहूच दिला नाही. लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी, बास, विषय संपला. मी पुष्कळ वर्षांनी टीव्हीवर पाहिला. त्यात एक श्रद्धाळू बाई गर्भ पाडू देत नाही, बाळ जन्माला येतं. पुढे ते अनाथाश्रमात ठेवून लपवालपवी होते, तिथं माझं सिनेमाशी भांडण आहे. पण पोटातला जीव वाचवायचा, ही गोष्ट त्या काळच्या हिंदी सिनेमात इतकी सरळ कितीजणांनी मांडली? आईनं निकाल दिला तो नुसत्या पोस्टरवरून.

धुळे, नर्स
मालिकेत खुनी कन्फेशन करतो, म्हणजे फादरजवळ पापांची कबुली देतो, आणि पुढच्या भागात फादर पोलीस ठाण्यात! मी टीव्हीसमोर ओरडते, घरचे हसतात. अहो, कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाही. जाणूनबुजून फोडलं तर त्या क्षणी तो बहिष्कृत. हिचकॉकचा 'आय कन्फेस' (१९५३) याच पेचावर उभा आहे. खुन्यानं फादरजवळ गुन्हा कबूल केलाय, फादर गप्प, आणि संशय फादरवरच. नियम पाळला तर गोष्ट जास्त रंगते, पण आपल्या मालिकावाल्यांना हे फुकटचं कथानक दिसत नाही. वॉर्डात रात्री पेशंट माझ्याजवळ काय काय बोलून जातात. त्यामुळे असेल, मला तो नियम कधी कागदी वाटला नाही.

चाळीसगाव
मला एवढंच विचारायचंय, पडद्यावरच्या फादरला मे महिन्यातही काळा झगा? आमचे फादर पांढऱ्यात असतात, तरी घामाघूम.

नवापूर
येशूच्या आयुष्यावरचा तेलुगू 'करुणामयुडू' (१९७८) हिंदीत 'दयासागर' म्हणून आला. आमच्या पाड्यावर पडदा बांधून दाखवला होता. खिळे ठोकायला लागले तशा म्हाताऱ्या बाया रडायला लागल्या. ख्रिस्ती नसलेल्याही. कुणीतरी मशीनवाल्याला म्हणालं, "बंद कर." पुढे शहरात मेल गिब्सनचा 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट' (२००४) पाहिला, तोही येशूच्या क्रूसावरच्या मरणाचाच. त्यात रक्त इतकं की मी डोळेच मिटून घेतले. ईस्टरआधीच्या उपवासकाळात क्रूसाची वाट (येशूच्या शेवटच्या प्रवासाचे टप्पे आठवत करायची प्रार्थना) करताना आजही पाड्यावरचाच सिनेमा आठवतो.

अमळनेर
लॉकडाऊनमध्ये आजीसाठी टीव्हीवर ऑनलाइन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लावायचो. ती आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन बसायची. शुभवर्तमानाच्या (बायबलमधल्या येशूच्या गोष्टींच्या) वाचनाला उभी राहायची, आम्हालाही उभं करायची. मध्येच जाहिरात आली की तोंड फिरवायची. फादरनी फोनवर तिला संत क्लाराची गोष्ट सांगितली. आजारी क्लाराला नाताळची मिस्सा खोलीच्या भिंतीवर दिसली होती, म्हणून पोप बारावे पायस यांनी १९५८ मध्ये तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती संत ठरवलं. आजी म्हणाली, "मंग ती आम्हन्या सिरियली बी देखस का?"

हसलो सगळे. पण आजीला टीव्हीवरची मिस्सा पुरत नव्हती. ख्रिस्तप्रसाद, मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, काही पडद्यातून हातावर येत नाही. चर्च उघडलं त्या रविवारपासून तिनं ती बंदच केली. गुडघे धरलेत, तरी रिक्षा करून जाते.

जळगाव (मी ख्रिस्ती नाही)
वाचून राहवलं नाही. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला आणि त्यांना पडद्यावर राम-कृष्ण दिसायला लागले. मग १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'. म्हणजे आमच्या सिनेमात तुमचाही वाटा! एक शंका आहे. 'अमर अकबर अँथनी' पाहून तुम्हाला वाईट वाटतं का भो?

धागाकर्ता
नाही भो. दारू, मारामारी सगळं मान्य. पण येशूला 'पार्टनर' म्हणून कमाईतला वाटा देणारा अँथनी मला पडद्यावरच्या गोडगोड फादरांपेक्षा जवळचा वाटतो. आणि पडद्यावर क्रूस दिसलाच पाहिजे असंही नाही. सिनेमाच्या शंभरीनिमित्त व्हॅटिकननं १९९५ मध्ये ४५ चित्रपटांची यादी काढली, तिच्यात 'बायसिकल थीव्ज' आहे, 'गांधी'सुद्धा आहे.

पाचोऱ्याचं कुणीतरी भुतांच्या सिनेमांबद्दल लिहिणार होतं, त्यांनी लिहा. बिशपच्या परवानगीशिवाय फादरला भूत काढता येत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.