पेटीत पाखरं झालीत, अर्जंट उपाय हवा

डिचोलीकरीण: चतुर्थी पंधरा दिवसांवर आलीये आणि आमच्या पेटीत पाखरं झालीत. उघडली की दोन-तीन पिवळट, बारकी उडतातच. दोनदा स्प्रे मारला, चार दिवस गप्प, परत सुरू. काय करू लवकर सांगा

फोंडेकर: तांदळाची पेटी ना? उकड्यांना पावसात जाळी धरतेच. चाळून घ्या, निंबाचा पाला घाला.

मडगावची_माई: तांदळाची नसेल हो, साड्यांची असेल. डांबरगोळ्या टाका, सोबत कापूर.

सासष्टी७: माई, दोन्ही एकत्र नको, वितळून तेलकट होतं, आईच्या शालूवर डाग पडलाय तो अजून तसाच आहे. आणि घरात तान्हं बाळ असेल तर डांबरगोळ्या नकोतच, जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. स्प्रेचाही उपयोग नाही, पाखरू काही खातच नाही, खाते ती अळी. रेशीम, लोकर प्लॅस्टिकात बांधून आठवडाभर डीप फ्रीजरला, उणे 18 ला.

मडगावची_माई: आमच्याकडे तीन पिढ्या डांबरगोळ्याच आहेत, कोणाला काही झालं नाही

डिचोलीकरीण: अहो भजनाची पेटी!! हार्मोनियम! ती फ्रीजरमध्ये कशी घालू?

फोंडेकर: हे आधी सांगायचं ना ताई 😀

म्हापसेकर: भिंतीवर चपटी राखाडी कवचं सरकतात तीच का ही? आमच्या बाथरूममध्ये खूप आहेत.

सासष्टी७: ती वेगळी, कोळ्याची जाळी खातात. झाडू मारा. नवा धागा काढा.

भातावाला: ताई, पट्टी सोडल्यावरही सूर वाजत राहतो का?

डिचोलीकरीण: हो! काळी दोन. मला वाटलं दमट हवेनं.

भातावाला: दमट हवेनंही होतं, पण पाखरं आहेत म्हणजे पट्ट्यांखालचं फेल्ट अळीनं खाल्लं असणार, ते लोकरीचं असतं. वरची फळी काढून मऊ ब्रशनं झाडा, सुरांना, म्हणजे आतल्या पितळी जिभांना, हात लावू नका. पुढे फेल्ट बदलणं कारागिराचं काम. आणि ऊन दाखवू नका, लाकूड तडकतं.

फोंडेकर: ऑगस्टात ऊन आणायचं कुठून

भातावाला: पेटी झाकता कशानं?

डिचोलीकरीण: ह्यांना सत्कारात मिळालेल्या शालीनं. चांगली लोकरीची आहे. थांबा बघते

डिचोलीकरीण: चाळण झालीये शालीची. आणि मी वर्षभर तीच पांघरतेय पेटीला, खराब होऊ नये म्हणून! श्रावणामुळे फ्रीजर रिकामाच होता, शाल गेली आत. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. डिचोलीजवळ पेटीचा कारागीर कोणी आहे का?

मडगावची_माई: शालीत दोन डांबरगोळ्या ठेवायच्या होत्या.