दुग्धाम्ल, लॅक्टिक आम्ल की लॅक्टेट?

कासवांच्या शीतनिद्रेवरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात ‘लॅक्टेट’ वारंवार येतं. कोशात ‘दुग्धाम्ल’ सापडलं. पण ‘कासवाच्या कवचात दुग्धाम्ल साठते’ असं लिहायला हात धजावत नाही. कासवाला कुठलं आलंय दूध?

— प्रतिसाद

कोशकाराला बोल लावू नका. शेले या रसायनशास्त्रज्ञानं १७८० मध्ये हे आम्ल आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं, म्हणून मूळ नावातही दूधच आहे. पुढे १८०७ मध्ये बर्झेलियस या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाला तेच शिकारीत धावून दमलेल्या हरणांच्या स्नायूंत सापडलं. दुधाशी असलेला संबंध तिथेच सैल झाला, नाव मात्र चिकटून राहिलं. दह्याविषयी लिहिताना दुग्धाम्ल छान शोभतं. प्राण्यावरच्या ताणाविषयी लिहिताना मी तरी वापरणार नाही.

— प्रतिसाद

आपल्याकडे दमल्यावर अंग ‘आंबतं’, ते यामुळेच का?

— प्रतिसाद

वाक्प्रचार झकास आहे, पण त्यावरून शरीरशास्त्र काढू नका. व्यायामानंतर वाढलेलं लॅक्टेट तास-दोन तासांत ओसरतं. दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

मूळ प्रश्नात आम्ल आणि लॅक्टेट यांतला फरक महत्त्वाचा आहे. रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास असताना हे आम्ल जवळजवळ सगळं विघटित झालेलं, म्हणजे हायड्रोजन आयन सोडून लॅक्टेट बनलेलं असतं. तीन-साडेतीन हजार रेणूंत जेमतेम एखादा अखंड आम्लाचा, बाकी सगळं लॅक्टेट. म्हणून ‘रक्तातलं लॅक्टेट’ हेच बरोबर. आम्लता वाढते तीही खरी, पण तिचा उल्लेख वेगळा करा.

कासवाच्या बाबतीत तर ही फोड करावीच लागते. उत्तर अमेरिकेतलं पेंटेड टर्टल नावाचं कासव बर्फाखालच्या पाण्यात, ऑक्सिजन जवळपास नसताना, महिनोन्‌महिने तग धरतं. तेव्हा ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, ऑक्सिजनविना वापरलं जातं आणि लॅक्टेट व आम्लता दोन्ही वाढत जातात. कवच आणि हाडं आपल्यातलं कार्बोनेट रक्तात सोडतात आणि त्यानं आम्लता मारतात, शिवाय लॅक्टेटही आपल्यात सामावून घेतात. एकाच ‘दुग्धाम्ला’त दोन्ही कोंबलं तर कवचाची ही दुहेरी कामगिरी वाचकाला दिसणारच नाही. गोल्डफिशनं निराळीच वाट काढली आहे: ऑक्सिजन नसताना तो लॅक्टेटपासून इथेनॉल बनवतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो.

— प्रतिसाद

आणखी एक. लॅक्टेटला ‘टाकाऊ द्रव्य’ म्हणू नका, भाषांतरांत हे सर्रास दिसतं. हृदय ते इंधन म्हणून जाळतं, यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज घडवतं. हे चक्र ज्यांच्या नावानं ओळखलं जातं त्या कोरी दांपत्याला १९४७ चं नोबेल मिळालं. अर्थात अति झालं की घातही होतो. पकडताना खूप झटापट केलेली मोठी मगर सुटल्यानंतरही तीव्र आम्लतेनं दगावू शकते. तिथे मारक ठरते ती आम्लता, हे वाक्यात स्पष्ट आलं पाहिजे.

— मूळ प्रश्नकर्ता

मग असं चालेल? ‘कासवाचे कवच लॅक्टेट सामावून घेते आणि रक्तातली आम्लता आटोक्यात ठेवते.’

— प्रतिसाद

चालेल. फक्त पुढे सगळीकडे ‘ते लॅक्टेट’ असं नपुंसकलिंगच ठेवा, मध्येच ‘लॅक्टेट वाढला’ नको.